सामाईक कपाटाच्या किल्ल्या

‘सामाईक’ हा शब्द शेतकऱ्याच्या घरातल्या मुलामुलींना शिकवावा लागत नाही. सातबाऱ्यावर तो असतो, विहिरीवर असतो, बांधावरच्या आंब्यावर असतो. आणि जिथे तो असतो तिथे बहुधा कोर्टाची एखादी तारीखही पडलेली असते. विहीर सामाईक म्हणजे पाणी सर्वांचे, हे खरे. पण पाळी कुणाची, मोटारीच्या खोलीची किल्ली कुणाकडे आणि गाळ कुणी उपसायचा, हे आधी ठरलेले नसेल तर भाऊ भावाचे तोंड पाहत नाही. अनेकांनी मिळून एक संगणक वापरायचा म्हटले की हेच प्रश्न उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहून ठेवावी लागतात. ती फाईल कशी असते आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी तिच्यात का लक्ष घालावे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख.

आधी गरज कशी उत्पन्न झाली ते सांगते. आपल्या मराठी विभागात गेली सहा वर्षे जात्यावरच्या ओव्यांचे संकलन चालू आहे. तृतीय वर्षाचे विद्यार्थी आसपासच्या गावांत जातात, म्हाताऱ्या बायांपुढे मोबाईल ठेवतात, त्या गातात, आणि आम्ही घरी येऊन ते पुन्हा पुन्हा ऐकत टंकित करतो. हा सारा ठेवा विभागातील एकाच संगणकावर होता. ज्याला काम करायचे तो पेनड्राइव्हवर प्रत नेई, तिच्यात दुरुस्त्या करी आणि परत आणून ठेवी. परिणामी ‘ओव्या अंतिम’, ‘ओव्या अंतिम नवी’ आणि ‘ओव्या अंतिम नवी हीच खरी’ अशा तीन फाईली शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि प्रत्येकीत असे काही होते की जे उरलेल्या दोघींत नव्हते. छपाईची कथाही तीच. चांगला प्रिंटर एकच, तोही कार्यालयात. त्यामुळे प्रत्येक विभागाचा पेनड्राइव्ह दिवसातून चारदा कार्यालयातल्या संगणकात खुपसला जाई, आणि कुणाचा व्हायरस कुणाकडे गेला याचा हिशेब लागत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत संगणक कक्षातून बाद झालेला एक संगणक आम्हाला मिळाला. त्यात नवी हार्ड डिस्क बसवली, डेबियन ही लिनक्स प्रणाली घातली आणि तिच्यावर सांबा व कप्स हे दोन प्रोग्राम चढवले. प्रणाली काय किंवा प्रोग्राम काय, सारे विनामूल्य आहे. खर्च आला तो डिस्कचा आणि केबलचा. काम संगणक कक्षातल्या दादांनी आणि मी मिळून केले. त्यांना स्विच, केबल आणि डिस्क कळत होती. मला मजकूर शब्द न् शब्द वाचण्याची सवय होती. या दुसऱ्या गोष्टीची इतकी गरज पडेल असे दोघांनाही वाटले नव्हते.

‘सर्व्हर’ या शब्दाचा बाऊ करण्याचे कारण नाही. पंगतीत वाढपी असतो तसा हा. मागेल त्याला त्याच्या पानात वाढायचे, पण स्वयंपाकघरात मात्र कुणाला शिरू द्यायचे नाही. फाईली त्याच्या डिस्कवर असतात. तुम्ही ग्रंथालयातल्या किंवा विभागातल्या संगणकावर बसून त्या जणू आपल्याच कपाटातल्या असाव्यात अशा उघडता.

‘मग हे सारे गूगलच्या ढगात का ठेवले नाही?’ असे इतिहासाच्या सरांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. एक कारण आकाराचे. उत्तम प्रतीचे, न दाबलेले तासाभराचे ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट भरते. इमारतीतल्या जुन्या १०० मेगाबिटच्या जाळ्यावरूनही ते साधारण मिनिटभरात जाते. आपल्या गावच्या इंटरनेटवरून ते वर चढेपर्यंत चहाच्या दोन फेऱ्या होतात. पण खरे कारण निराळे आहे. एका गावी एक आजी सासरच्या माणसांवरच्या ओव्या गाऊन झाल्यावर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, “ह्ये तुज्या वहीत ऱ्हाऊ दे पोरी, गावात कुनाला ऐकवू नगंस.” अशा ओव्या सहा वर्षांत बऱ्याच जमल्या आहेत. त्या गावातली मुले आपल्याच महाविद्यालयात शिकतात. त्या आजींना शब्द दिला तो विभागाने. आता तो पाळायचा कुणी? तो पाळणार ती फाईल, आणि म्हणून ती कोण लिहितो याला महत्त्व आहे.

फाईलीकडे वळण्यापूर्वी सांबाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भाषेच्या अभ्यासकाला रुचेल अशी ती हकीकत आहे. (नाव ऐकताच सर्वांना १९७५ च्या ‘शोले’तला खडकावर बसलेला सांबा आठवतो. सर्व्हरमध्ये या क्षणी कोण कोण आत आहे हे सांगणारी एक आज्ञाही आहे, तेव्हा विनोद आपोआप होतो. पण किती माणसे होती हा प्रश्न गब्बरने कालियाला विचारला होता, सांबाला नव्हे, याची नोंद चित्रपटप्रेमींनी घ्यावी.)

संगणक एकमेकांशी फाईली मागण्या-देण्यासंबंधी बोलतात तेव्हा त्यांना ठरलेली एक बोली लागते. विंडोजच्या जगातल्या बोलीचे नाव एसएमबी. तिचा आरंभ १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी केला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. युनिक्स व लिनक्स यांना ही बोली जन्मतः येत नाही. ऑस्ट्रेलियातील कॅनबरा येथे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हे पीएच.डी.चे विद्यार्थी होते. आपल्या डॉसच्या संगणकावरून युनिक्स संगणकाची डिस्क दिसावी, एवढीच त्यांची इच्छा होती. संगणक परस्परांशी जे बोलत होते त्याचे व्याकरण त्यांच्या हाती नव्हते. म्हणून त्यांनी तारेवरून जाणारे संदेश टिपून घेणारा एक प्रोग्राम लिहिला, दोन यंत्रांचे संभाषण चोरून ऐकले, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते ते पाहिले, आणि जानेवारी १९९२ मध्ये स्वतःचा सर्व्हर जगापुढे ठेवला. आपण ज्या बोलीची नक्कल केली तीच मायक्रोसॉफ्टही वापरते, हे त्यांना मागाहून कळले.

ही रीत समजावताना ट्रिजेल यांनी एक दृष्टान्त दिला आहे. फ्रेंच शिकायची आहे पण पुस्तक नाही, शिक्षक नाही, अशा माणसाने फ्रान्समधल्या एखाद्या उपाहारगृहात जाऊन बसावे. गिऱ्हाईक काय म्हणते आणि त्यावर टेबलावर काय येते ते टिपून ठेवावे. भाषाशास्त्राच्या तासाला लिखित व्याकरण नसलेल्या बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासाविषयी आपण जे वाचतो त्याहून हे फारसे वेगळे नाही. फरक इतकाच की येथील माहितगार यंत्र आहे. ते कंटाळत नाही, आणि चहाही मागत नाही.

नावाची कथा तर कोशवाङ्मयाच्या अभ्यासात शोभावी. आधीच्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला. तेव्हा १९९४ मध्ये ट्रिजेल यांनी संगणकातल्या शब्दसूचीत असा शोध घेतला की एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने कोणत्या शब्दांत येतात. जे थोडे शब्द हाती लागले त्यांत ब्राझीलच्या नृत्याचे नाव होते. तेच ठेवले.

पुढे हे काम अनेक देशांतल्या अनेकांनी वाढवले. मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरच्या बोलीची माहिती प्रतिस्पर्ध्यांपासून दडवली म्हणून युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये त्या कंपनीस ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला आणि माहिती उघड करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपातील न्यायालयाने तो निर्णय कायम केला; त्याच वर्षाच्या डिसेंबरात सांबावाल्यांना एकरकमी १०,००० युरो भरून ती कागदपत्रे मिळाली. डिसेंबर २०१२ मध्ये सांबाची चौथी मालिका निघाली, तिला त्या कागदपत्रांचा लाभ झाला. जी भाषा पंधरा वर्षे कान देऊन शिकली तिचे व्याकरण शेवटी छापील स्वरूपात हाती आले. मला ही हकीकत एखाद्या कादंबरीइतकी वाचनीय वाटते, असो.

आता ती फाईल. तिचे नाव ‘एसएमबी डॉट कॉन्फ’. ती रोमी लिपीत व इंग्रजी शब्दांत असते. येथे मी तिच्यातले शब्द देवनागरीत लिहिते. तिच्यात चिन्हांची गर्दी नाही, गणित नाही. चौकटी कंसात एक शीर्षक आणि त्याखाली ‘अमुक बरोबर तमुक’ अशा ओळी, बस्स. पहिले शीर्षक ‘ग्लोबल’ असते. त्याखालच्या ओळी साऱ्या सर्व्हरला लागू. त्यानंतरचे प्रत्येक शीर्षक म्हणजे कपाटाचा एक खण. वार्षिक अंकासाठी आलेले साहित्य, प्राध्यापकांच्या टिपणांचा खण, ‘खुल्या ओव्या’ आणि ‘राखीव ओव्या’ असे खण आम्ही केले.

खणाखालची पहिली महत्त्वाची ओळ ‘पाथ’, म्हणजे हा खण डिस्कवर नेमका कुठे आहे. दुसरी ‘रीड ओन्ली’, म्हणजे फक्त वाचायचे की लिहायचेही. येथे एक गोष्ट मला आवडली. तुम्ही काहीच सांगितले नाही तर सांबा ‘फक्त वाचा’ असेच धरून चालतो. लिहिण्याचा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही. तो मोजक्यांना द्यायचा तर ‘राइट लिस्ट’ या ओळीत त्यांची नावे घालायची. मग खण सर्वांना वाचायला उघडा, आणि लेखणी चौघांच्या हाती. टिपणांचा खण असाच आहे.

आत कुणाला घ्यायचे हे ‘व्हॅलिड युजर्स’ या ओळीने ठरते. ती रिकामी असेल तर ज्याच्याकडे सर्व्हरचा पासवर्ड आहे असा कुणीही त्या खणात येऊ शकतो. राखीव ओव्यांच्या खणाचे सारे रक्षण या एका ओळीवर आहे. आणि आता शुद्धलेखनाला नाके मुरडणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी जरा ऐकावे. त्या ओळीतला ‘युजर्स’ चा शेवटचा ‘एस’ गळाला तर सांबा काय करतो? त्याला तो शब्द ओळखत नाही, म्हणून तो ती ओळ सोडून देतो आणि पुढे जातो. सर्व्हर उत्तम चालतो, खण उघडतो, कुणाची तक्रार येत नाही. फक्त कुलूप नसते. कॅपिटल अक्षरे लिहा, लहान लिहा, शब्दांत मोकळी जागा कमीजास्त सोडा, ते चालते. अक्षर गळलेले चालत नाही. म्हणून फाईल बदलली की ‘टेस्टपार्म’ नावाचा तपासनीस चालवावा. तो अनोळखी शब्दावर बोट ठेवतो. पण तो व्याकरणाचा तपासनीस आहे, अर्थाचा नव्हे. चुकीच्या माणसाचे नाव बिनचूक लिहिले असेल तर तो मान डोलावतो.

‘ब्राउझेबल’ नावाच्या ओळीने पुष्कळांची फसगत होते. तिला ‘नाही’ म्हटले की खण यादीत दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे सुरक्षित आहे असे वाटते. वास्तविक ही दुकानाची पाटी उतरवण्यासारखी गोष्ट आहे. दार तिथेच असते, आणि ज्याला नाव ठाऊक आहे तो सरळ येतो.

याशिवाय एक दुहेरी पहारा आहे. सांबाने हो म्हटले तरी खाली लिनक्सचे स्वतःचे नियम असतात, आणि दोघांत जो कडक त्याचे चालते. लिनक्समध्ये वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि प्रोग्राम म्हणून चालवण्याला १ असे अंक आहेत; त्यांची बेरीज करून मालक, त्याचा गट आणि इतर अशा तिघांसाठी तीन आकडे लिहितात. सांबा नव्या फाईलीला मुळात जी कमाल परवानगी देतो ती ७४४: मालकाला सर्व काही, गटाला केवळ वाचन, इतरांनाही केवळ वाचन. वार्षिक अंकाच्या खणात याचा परिणाम असा होतो की विद्यार्थ्याने लेख ठेवला तर संपादक तो वाचू शकतात, पण त्यातली एक वेलांटीही सुधारू शकत नाहीत. (काही लेखकांना हीच व्यवस्था कायम हवी होती.) म्हणून त्या खणासाठी आम्ही ‘क्रिएट मास्क’ ६६० केला, म्हणजे मालकाला व गटाला वाचन-लेखन आणि इतरांना काही नाही, आणि नव्या फाईली संपादक गटाच्याच मालकीच्या होतील असे ‘फोर्स ग्रुप’ या ओळीने ठरवले.

पासवर्डाच्या बाबतीत नवख्याला एक कोडे पडते. लिनक्सवर वापरकर्ता तयार करून त्याला पासवर्ड दिला तरी सांबा त्याला ओळखत नाही. तेथे वेगळा द्यावा लागतो. कारण असे की एसएमबीत पासवर्ड तारेवरून पाठवतच नाहीत. सर्व्हर दर वेळी नवे कोडे घालतो आणि तुमचा संगणक पासवर्डाच्या अर्कात ते कालवून उत्तर देतो. त्यासाठी सर्व्हरपाशी त्या अर्काची विशिष्ट रूपातली नोंद असावी लागते, आणि लिनक्सजवळची नोंद त्या रूपातली नसते. ‘सर्वांना एकच पासवर्ड द्या म्हणजे कटकट नको’ अशी सूचना आमच्याकडेही आली. ती आम्ही मान्य केली नाही. एकच पासवर्ड म्हणजे सर्वांना एकच नाव. मग राखीव खण कुणी उघडला याचे उत्तर कुणापाशीच राहत नाही.

हे सारे यंत्राचे. परंतु ‘व्हॅलिड युजर्स’ च्या पुढे कुणाची नावे लिहायची हे कोणत्याही पुस्तकात नाही. दादा म्हणाले, “बाईंना विचार, मी काय सांगणार?” बाईंनी विभागाची बैठक घेतली. ती दोन तास चालली. राखीव ओव्या संशोधनासाठी बाहेरच्या अभ्यासकाला दाखवाव्यात का? ज्या विद्यार्थ्याने स्वतः ती ओवी टिपली त्याला पदवीनंतरही हक्क राहतो का? गायिका हयात नसेल तर शब्द संपतो का? हा शेवटचा प्रश्न कल्पनेतला नव्हता. एक बाई आपल्या वारलेल्या आईचा आवाज ऐकायला महाविद्यालयात आल्या होत्या. आईच्या मुद्रणातला काही भाग राखीव खणात आहे, आणि त्यातल्या ओव्या या मुलीच्या लग्नासंबंधी आहेत. बैठकीत मते दुभंगली. अखेर असे ठरले की खुल्या ओव्या तिला द्याव्यात आणि राखीव तशाच ठेवाव्यात. मला स्वतःला हा निर्णय पटला नाही. आईचा आवाज मुलीपासून झाकण्याचा हक्क विभागाला कुणी दिला, असे मला अजून वाटते. बाईंचे म्हणणे होते की आजींनी ‘कुनाला’ म्हटले त्यात मुलगीही आली. ती ओळ मीच लिहिली, बैठकीत ठरली तशी.

आता मराठीपुरत्या काही गोष्टी, ज्या इंग्रजी पुस्तकांत सहसा आढळत नाहीत. इंग्रजीत विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतली नावे एकच वाटतात, लिनक्सला निराळी. सांबाला मध्ये पडून तडजोड करावी लागते. देवनागरीत लहानमोठी अक्षरेच नाहीत, त्यामुळे हा तंटा आपल्या वाट्याला येत नाही. पण दुसरा येतो. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ या रचनेत फाईलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. ‘ज्ञानेश्वरी’ डोळ्यांना चार अक्षरे दिसते. यंत्राला ती पाय मोडण्याच्या खुणा आणि काने-मात्रा धरून अकरा चिन्हे, म्हणजे ३३ बाइट. तेव्हा संपूर्ण ८५ चिन्हांत नाव आटोपले पाहिजे. निबंधाचे आख्खे शीर्षकच नावात घालण्याची ज्यांना हौस आहे त्यांची फाईल विंडोजवर सुखाने राहते आणि सर्व्हरवर जायला नकार देते.

त्याहून नमुनेदार प्रकार ‘दुसऱ्या’ या शब्दाचा. त्यातला ‘ऱ्य’ काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहितात, काही साध्या ‘र’ पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे. सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी नावे. म्हणून ‘दुसऱ्या सत्राची टिपणे’ या एकाच नावाचे दोन खण शेजारी दिसू शकतात, आणि शोधणारा नेमका रिकाम्यात शोधतो. आम्ही नियम केला की नावांत ‘द्वितीय’ लिहावे. संस्कृतने येथे खरोखर मदत केली. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या फाईलींचेही ध्यानात ठेवावे. सर्व्हर फाईल पोहोचवतो, फॉन्ट पोहोचवत नाही. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे ओवीच्या जागी रोमी अक्षरांची रांगोळी दिसते.

दोघांनी एकच फाईल एकाच वेळी उघडली तर काय, असे प्रत्येक जण विचारतो. बहुधा पहिल्याला लिहिता येते आणि दुसऱ्याला ती वाचण्यापुरती मिळते. यामागे एक मोठी शहाणी सवलत आहे. एखाद्या फाईलीला दुसरे गिऱ्हाईक नसेल तोवर सर्व्हर पहिल्याला म्हणतो, ‘घरी ने, तुझ्या टेबलावर काम कर, दर ओळीला मला विचारायला येऊ नकोस.’ दुसऱ्याने ती मागितली की सर्व्हर पहिल्याला निरोप धाडतो, ‘झाले तेवढे आणून दे.’ ग्रंथपाल दुर्मीळ ग्रंथ एकाच वाचकाला निवांत वापरू देतात आणि दुसऱ्याची चिठ्ठी आली की मामांना पाठवून तो परत मागवतात, तसेच हे. यामुळेच जुन्या यंत्रावरही काम जलद होते.

प्रिंटरविषयी थोडक्यात. कप्स हा प्रोग्राम १९९९ पासून आहे. तुम्ही छापायला दिलेला मजकूर तो आधी डिस्कवर उतरवून घेतो, रांगेत लावतो आणि एकेक प्रिंटरकडे सोडतो. त्यामुळे प्रिंटर दुसऱ्याचे काम करत असला तरी तुमचा संगणक मोकळा होतो. सांबा ही रांग विंडोजला दाखवतो. मात्र प्रिंटरचे ड्रायव्हर सर्व्हरवरून आपोआप उतरवण्याची जुनी सोय २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई-व्यवस्थेतील गंभीर दोष उघडकीस आल्यावर आवळण्यात आली, तेव्हापासून त्यासाठी प्रशासकाचा हक्क लागतो. आम्ही प्रत्येक संगणकावर ड्रायव्हर हातानेच बसवला. आणि एक गोष्ट कोणतीही ओळ लिहून साधत नाही: कपाटाला कुलूप असते, पण कागद पडतो तो ट्रे उघडाच असतो. म्हणून प्रश्नपत्रिका या प्रिंटरवर छापायच्या नाहीत आणि या सर्व्हरवर ठेवायच्याही नाहीत, असे प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी लेखी कळवले, ते फार बरे झाले.

गाळ उपसण्याचा प्रश्न राहिला. जाळ्यावरच्या खणातून फाईल पुसली की ती विंडोजच्या कचरापेटीत जात नाही, थेट जाते. सांबात ‘रिसायकल’ नावाचे एक उपकरण आहे. ते लावले की पुसलेली फाईल एका वेगळ्या खणात पडून राहते. पण कुणी फाईल उघडून आतला मजकूरच खोडला आणि जतन केली, तर त्यातून ती परत मिळेल असा भरवसा नाही. सामाईक कपाट म्हणजे दुसरी प्रत नव्हे. दर शनिवारी दादा सर्व खणांची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेतात आणि ती डिस्क ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात जाते, सर्व्हरच्या खोलीत नव्हे.

सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, हेही निक्षून सांगते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतल्या विंडोजच्या दोषावर स्वार होऊन जगभर पसरला आणि इंग्लंडातल्या रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले. त्याच महिन्यात खुद्द सांबातही २०१० पासून दडलेला एक दोष सापडला व दुरुस्त झाला. त्याचा फायदा घेण्यास हल्लेखोराला लिहिण्याची परवानगी असलेला खण लागत असे. म्हणजे लेखणी वाटताना हात आखडता घेणे हे केवळ शिस्तीचे नव्हे, सुरक्षिततेचेही कारण ठरले. सप्टेंबर २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून सांबाने जुनी बोली मुळातच बंद ठेवली आहे. एखाद्या फारच जुन्या संगणकासाठी ती पुन्हा चालू करण्याचा आग्रह कुणी धरला तर तो मानू नये.

जूनमध्ये आम्ही तृतीय वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडू तेव्हा आमची नावे राखीव खणाच्या ओळीतून निघतील, माझेही. बैठकीत तसे ठरले आहे. नव्या वर्गातून दोघांना दादांच्या हाताखाली तयार करायचे आहे, ते कोणत्याही विषयाचे असले तरी चालतील. फाईल एकूण ७४ ओळींची आहे. तिच्यात पासवर्ड नसतात, म्हणून तिची छापील प्रत, प्रत्येक ओळीपुढे मराठीत अर्थ लिहून, ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवर ठेवली आहे. ओळखपत्र दाखवून मागावी.